कोरोनाकाळात शेतकऱ्यांच्या खात्यात आलेले पैसे : कोणते, किती आणि कोणाला



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांत नोकरदार आहेत, व्यापारी आहेत, शिक्षक आहेत. तरीही बहुतेक घरांचे एक पाऊल अजून शेतात आहे. बेला, जैनद, तामसी, तलमडगू, भीमपूर, बोथ, बाजारहतनूर या भागांत आपल्या नातेवाइकांचे जगणे कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर चालते. म्हणून चार माणसे जमली की हा प्रश्न हमखास निघतो : "कोरोनाच्या वेळी सरकारने शेतकऱ्यांना पैसे दिले म्हणतात. मग शेजारच्याच्या खात्यात साठ हजार आले आणि आमच्याकडे दोनच हजार, असे का?" कोणी म्हणते, "आम्हाला तर एक रुपयाही आला नाही." कोणी पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांशी तुलना करते.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे आजही कामाचे आहे. त्या वेळी जी नावे यादीत नव्हती, त्यांपैकी बरीच आजही नाहीत, आणि कारणे तीच आहेत. त्यामुळे कोणते पैसे कुठून आले, ते कोणत्या हिशेबाने वाटले गेले आणि कोण बाहेर राहिले, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडले आहे.

टाळेबंदी नेमकी कधी आली

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. २५ मार्च हा त्या वर्षीचा गुढीपाडवा होता, आणि आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा उगादीही. आपल्या भागात पाडव्याला शेतीचे नवे वर्ष सुरू होते. सालगडी ठरतो, मागचा हिशेब मिटतो, मक्त्याच्या शेताचे बोलणे होते. नेमक्या त्याच दिवशी रस्ते बंद झाले.

कापसाचा शेवटचा वेचा अनेकांच्या घरात पडून होता. हरभरा काढून ठेवलेला होता, पण बाजार बंद होता. आदिलाबादचे कापूस मार्केट हे नुसते आपल्या जिल्ह्याचे नाही, नदीपलीकडच्या यवतमाळ आणि नांदेडच्या शेतकऱ्यांनाही ते जवळचे. राज्याची सीमा बंद झाल्यावर त्यांचा रस्ता तुटला. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या.

शेतकऱ्याची अडचण दोन बाजूंनी होती. मागच्या हंगामाचा माल विकून पैसा हाती आलेला नव्हता, आणि पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताला पैसा लागणार होता. मृगाला दोन-अडीच महिने उरले होते. म्हणून त्या काळातली मदत मोजताना एवढेच विचारायचे : पेरणीच्या आधी हातात किती रोकड आली?

पहिला पैसा : पीएम-किसानचे दोन हजार

केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठी मुख्य घोषणा ही होती : सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्येच २,००० रुपये.

हे दोन हजार नवे नव्हते. पीएम-किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली होती. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात : एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही मिळणारच होता. तो एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला, एवढाच बदल. वर्षाची रक्कम सहा हजारच राहिली. म्हणजे ही मदत रकमेची नव्हती, वेळेची होती. वेळेलाही किंमत असते, कारण एप्रिलमध्ये घरात आलेले दोन हजार जुलैमधल्या दोन हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पण त्याला वेगळी "कोरोना मदत" म्हणता येणार नाही.

या दोन हजारांत काय येत होते? त्या वर्षी बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचा कमाल दर ७३० रुपये होता. म्हणजे दोन हजारांत तीन पाकिटेही येत नव्हती. एकराला साधारण दोन पाकिटे धरली, तर सव्वा-दीड एकराच्या बियाण्यापुरते पैसे. खत आणि मजुरी वेगळी.

पीएम-किसानचा हिशेब कुटुंबावर आहे, एकरावर नाही. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब. दोन एकरवाल्यालाही सहा हजार आणि वीस एकरवाल्यालाही सहा हजार. सुरुवातीला पाच एकरांची, म्हणजे दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती २०१९ मध्येच काढली गेली.

बाहेर ठेवलेले लोकही ठरलेले आहेत. आधीच्या वर्षी आयकर भरलेले, सरकारी नोकर आणि निवृत्त कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए. आपल्या समाजात मराठी माध्यमाच्या शाळांत शिकवलेले गुरुजी बरेच आहेत. त्यांच्या नावावर शेती असली तरी ते या योजनेत बसत नाहीत. काहींनी माहिती नसल्यामुळे अर्ज केले आणि नंतर पैसे परत करण्याच्या नोटिसा आल्या. पैसे आले म्हणजे आपण पात्र आहोतच, असे या योजनेत समजू नये.

आणखी एक अट फार घरांना आडवी येते : जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत आपल्या नावावर झालेली पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवे नाव लागत नाही. अपवाद वारसाहक्काचा. मालक वारला आणि जमीन वारसाच्या नावावर आली, तर वारसाला अर्ज करता येतो.

दुसरा पैसा : रैतू बंधू

आपल्या जिल्ह्यात खरी मोठी रक्कम आली ती राज्य सरकारच्या रैतू बंधू योजनेतून. 'रैतू' म्हणजे आपला रयत, शेतकरी. ही योजना १० मे २०१८ रोजी हुजूराबादला सुरू झाली. सुरुवातीला एका हंगामाला एकरी ४,००० रुपये मिळत. २०१९-२० पासून ते ५,००० झाले. वानाकालम, म्हणजे खरीप, आणि यासंगी, म्हणजे रब्बी, असे दोन्ही हंगाम धरून एकरी वर्षाला १०,००० रुपये.

हीसुद्धा कोरोनासाठी काढलेली योजना नाही. पण २०२० मध्ये राज्याचे उत्पन्न आटलेले असताना, सरकारी नोकरांचे पगार कापले जात असताना, हे पैसे येतील का अशी शंका होती. सरकारने मे महिन्यात सुमारे ७,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि जूनमध्ये राज्यातल्या ५० लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे जमा झाले. पेरणीच्या तोंडावर. म्हणूनच आपल्याकडे बरेच जण याच पैशाला "कोरोनाचे पैसे" म्हणतात.

त्या वर्षी एक घबराटही झाली होती. सरकारने 'नियंत्रित शेती'चा कार्यक्रम काढला. सांगितलेले पीक घेतले नाही तर रैतू बंधू मिळणार नाही, खरिपात मका लावू नका, असे सांगण्यात आले. आदिलाबादमध्ये त्याचा फारसा त्रास झाला नाही, कारण सरकार सांगत होते ते पीक कापूसच होते आणि आपली काळी जमीन तसाही कापूसच घेते. पैसे मिळाले.

रैतू बंधूचा हिशेब पीएम-किसानच्या नेमका उलटा आहे. इथे कुटुंब पाहत नाहीत, फक्त जमीन पाहतात. एकरी ५,००० म्हणजे गुंठ्याला १२५ रुपये. पासबुकात ३ एकर २० गुंठे असतील तर १७,५०० रुपये. वरची मर्यादा नव्हती. नोकरी, पेन्शन, आयकर यांचीही अडचण नव्हती. शहरात राहणारा मालकही पात्र, जमीन पडीक असली तरी पात्र. अट एकच : पट्टादार पासबुक आपल्या नावावर हवे.

तिसरा पैसा : रेशन कार्डावरचा आणि जनधनचा

खास टाळेबंदीसाठी म्हणून दिलेला पैसा खरे तर हाच, आणि तो शेतकरी म्हणून नव्हे तर गरीब कुटुंब म्हणून मिळाला. तेलंगणा सरकारने पांढऱ्या रेशन कार्डावरच्या कुटुंबांना एप्रिल आणि मे २०२० मध्ये दरमहा १,५०० रुपये आणि माणशी १२ किलो तांदूळ मोफत दिला. राज्यात अशी सुमारे ८७ लाख कार्डे होती. परराज्यातून आलेल्या मजुरांसाठी माणशी १२ किलो तांदूळ आणि ५०० रुपये होते.

केंद्राने महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकले. उपाध म्हणजेच रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी तेलंगणात दिवसाला २३७ रुपये झाली, आधी ती २११ होती.

चौथी गोष्ट : कर्ज आणि खरेदी

खात्यात न दिसणारी मदतही होती. रिझर्व्ह बँकेने १ मार्च २०२० पासून तीन महिने हप्ते थांबवायची मुभा दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. यात एक गैरसमज फार पसरला. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. पीक कर्जासाठी मात्र वेगळी सवलत होती. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज सरकारी सवलत धरून ४ टक्क्यांना पडते. त्या वर्षी 'वेळेवर' याची तारीख ३१ ऑगस्टपर्यंत पुढे नेली. टाळेबंदीत बँकेत जाता आले नाही म्हणून चारऐवजी सात टक्के भरावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार.

राज्य सरकारने मे २०२० मध्ये २५,००० रुपयांपर्यंतच्या पीक कर्जाच्या माफीसाठी सुमारे १,२०० कोटी रुपये सोडले. हे २०१८ च्या निवडणुकीतले आश्वासन होते. ज्यांचे कर्ज थोडे त्यांना त्याचा लाभ आधी मिळाला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कापसाची खरेदी. २०१९-२० मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. खाजगी व्यापारी बाजारात नव्हते किंवा भाव पाडून मागत होते. भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीसीआयची, थांबलेली खरेदी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या घरात माल होता त्यांना आधार मिळाला. वीस क्विंटल कापसावर क्विंटलमागे हजार रुपयांचा फरक पडला, तरी ते वीस हजार होतात, म्हणजे पीएम-किसानचे दहा हप्ते. शेतकऱ्याला मदत म्हणजे खात्यात टाकलेले पैसेच नव्हेत. वेळेवर उघडलेले खरेदी केंद्र हीसुद्धा मदतच. मात्र तिथेही अटी होत्याच. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर असेल तर परत.

तीन घरांचा हिशेब

आता शेजारच्याला साठ हजार आणि आपल्याला थोडेच का, हे पाहू. खालची तीन घरे उदाहरणादाखल घेतली आहेत. नियम मात्र त्या वेळचे खरे आहेत. हिशेब एप्रिल ते जून २०२० चा आहे.

पहिले घर दोन एकरवाल्याचे. घरात चार माणसे, पांढरे रेशन कार्ड, बाईचे जनधन खाते. पीएम-किसान २,०००. रैतू बंधू १०,०००. रेशन कार्डाचे दोन महिन्यांचे ३,०००. जनधनचे १,५००. एकूण १६,५०० रुपये आणि महिन्याला ४८ किलो तांदूळ.

दुसरे घर निवृत्त शिक्षकाचे. बारा एकर जमीन, पेन्शन चालू. पीएम-किसान नाही, रेशन कार्डाचे पैसे नाहीत. रैतू बंधू मात्र ६०,०००.

तिसरे घर मक्त्याने करणाऱ्याचे. स्वतःची जमीन नाही, पाच एकर मक्त्याने केलेले. पीएम-किसान नाही. रैतू बंधू नाही. रेशन कार्डाचे ३,००० आणि जनधनचे १,५००. एकूण ४,५०० रुपये आणि तांदूळ. तो कसतो त्या पाच एकरांचे २५,००० रुपये मालकाच्या खात्यात गेले. बियाणे-खताचा खर्च आणि पाऊस-पाण्याचा धोका मात्र त्याचाच.

हे कोणाला दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. मालकाने नियमाप्रमाणे आपला पैसा घेतला. काही मालकांनी मक्ता कमी करून तो पैसा वाटूनही घेतला. पण योजनेचा हिशेब जमिनीच्या कागदावर असला की पैसा कागदामागे जातो, कसणाऱ्यामागे जात नाही. राज्य सरकारची भूमिका तेव्हा उघड होती की कुळांचा हिशेब ठेवणे अवघड आहे आणि रैतू बंधू पट्टादारालाच मिळेल.

दुसरीकडे काय झाले तेही पाहू. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी तिकडच्या शेतकऱ्यांच्या मदतीबद्दल वाचले असेल. तिथे एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या योजनेत शेतकऱ्यांना थेट देण्यासाठी १६ अब्ज डॉलर होते. हिशेब जमिनीचा नव्हता. कोणत्या मालाचा भाव किती पडला आणि तो माल कोणाचा होता, यावर पैसे होते. भाड्याच्या जमिनीवर कसणाराही, मालात त्याचा वाटा असेल तर, पात्र होता. त्या योजनेवर मोठ्या शेतकऱ्यांना जास्त गेले अशी टीका झाली, पण कसणारा यादीबाहेर नव्हता. अर्थात त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याची पेरणी आणि विक्री यांची नोंद कार्यालयात असावी लागते. आपल्याकडे नोंद जमिनीची आहे, कसणाऱ्याची नाही.

पैनगंगेच्या पलीकडे

सोयऱ्यांशी तुलना होते म्हणून थोडे त्याविषयी. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. नातीगोती एकच, पण सरकारी मदतीचे नियम दोन.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पीएम-किसानचे दोन हजार आपल्यासारखेच मिळाले. एकरी पैसे देणारी योजना तिथे नव्हती. तिथे २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना चालू होती, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाल्यावर १०,००० कोटींचे पॅकेज आले. त्यात पिकांना हेक्टरी १०,००० रुपये, फळबागांना २५,०००, दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे तिथे नुकसान झाल्यावर पंचनामा करून, आणि इथे पेरणीआधी सरसकट. आपली पद्धत वेगवान आहे, तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. पण पीक बुडाले तरी रक्कम तेवढीच राहते.

केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्यामधल्या परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशा सीमेवरच्या गावांची गोष्ट निराळी. ती आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोजतात, २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तिथे बहुसंख्य मराठी बोलतात आणि दोन्ही राज्ये त्यांच्यावर हक्क सांगतात. दोन रेशन कार्डे, दोन मतदार ओळखपत्रे, दोन शाळा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटते दुप्पट फायदा. पण तिथल्या लोकांची जुनी मागणी जमिनीच्या पट्ट्याची आहे. पट्टा नसेल तर रेशन दोन्हीकडून मिळते, शेतीचा पैसा मात्र मिळत नाही.

जे बाहेर राहिले ते का राहिले

पैसे न मिळण्याची कारणे आपल्या भागात मुख्यतः पाच दिसतात.

पहिले कारण, जमीन आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली, फेरफार केलेला नाही. मालक हयात नसेल तर त्याच्या नावावरचे पैसे थांबतात, आणि वारसांनी एकत्र बसून कागद केल्याशिवाय पासबुक होत नाही.

दुसरे कारण, साध्या कागदावरची खरेदी, म्हणजे सादा बैनामा. वीस-तीस वर्षांपूर्वी जमीन घेतली, ताबा आहे, नाव मूळ मालकाचेच आहे. २०२० मध्ये १२ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात असे अर्ज घेतले गेले, पण प्रकरण न्यायालयात गेले आणि अर्ज पडून राहिले. १४ एप्रिल २०२५ पासून धरणीच्या जागी भूभारती कायदा आला. त्यात त्या वेळचे अर्ज निकाली काढण्याची तरतूद आहे. तेव्हाची अर्जाची पावती घरात असेल तर ती सोन्यासारखी जपावी.

तिसरे कारण, भाग-ब. सप्टेंबर २०१७ पासून जमिनीच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वाद असलेले सर्व्हे नंबर 'पार्ट-बी'त टाकले. त्यांना नवे पासबुक मिळाले नाही, म्हणून रैतू बंधूही नाही.

चौथे कारण, एजन्सी क्षेत्र. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या अनुसूचित भागांत आदिवासींची जमीन बिगर आदिवासींच्या नावावर होऊ शकत नाही. गोंड बांधवांच्या जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून हा कायदा आहे आणि त्याला जुना, दुःखाचा इतिहास आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांकडे पट्टा नाही, म्हणून योजना नाही. वनहक्काचे पट्टे ज्या आदिवासी शेतकऱ्यांकडे होते त्यांना रैतू बंधू मिळाले. ३० जून २०२३ पासून पोडू जमिनींचे नवे पट्टे आसिफाबादपासून वाटले गेले.

पाचवे कारण सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत त्रासदायक : नाव. आपली नावे मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी असतात. तेलुगू पद्धतीत आडनाव आधी येते. पासबुकावर तेलुगूत एक, आधारवर इंग्रजीत दुसरे, बँकेत तिसरे. लग्नानंतर बदललेले बाईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. संगणक तिघांना तीन माणसे समजतो. त्यातच १ एप्रिल २०२० पासून आंध्र बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. नंतर जुने आयएफएससी कोड बंद झाले. ज्यांनी खाते अद्ययावत केले नाही त्यांचे पैसे परत गेले.

घरातला माणूस गेला तेव्हा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या समाजातलीही माणसे गेली. अशा घरांना दोन वेगळ्या मदती लागू होत्या आणि दोन्ही घेता येत होत्या.

एक रैतू बीमा. १५ ऑगस्ट २०१८ पासून १८ ते ५९ वर्षांच्या पट्टादार शेतकऱ्याचा आयुर्विमा महामंडळाकडे ५ लाखांचा विमा आहे. हप्ता सरकार भरते. मृत्यू अपघातीच असावा अशी अट नाही, आजाराने झाला तरी चालतो. वय आधारवरच्या जन्मतारखेने धरतात. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या अनेकांच्या आधारवर अंदाजे १ जानेवारी लिहिलेली आहे. तो अंदाज चार वर्षांनी चुकला असेल तर छप्पन्न वर्षांचा माणूस कागदावर साठीचा होतो आणि विम्यातून गळतो.

दुसरी, कोविड मृत्यूंसाठीचे ५०,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर ते सुरू झाले. तपासणीत कोविड निघाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो त्यात धरला जाई, मग मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेले नसले तरी.

आता काय करावे

२०२३ मध्ये सरकार बदलले. २६ जानेवारी २०२५ पासून रैतू बंधूच्या जागी रैतू भरोसा आले : हंगामाला एकरी ६,०००, वर्षाला १२,०००, आणि फक्त लागवडीयोग्य जमिनीला. त्याच वेळी भूमिहीन मजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० ची इंदिरम्मा आत्मीय भरोसा योजना जाहीर झाली. नाव बदलले, पण पायाभूत कागद तोच : पासबुक. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने पाहाव्यात.

१. पासबुक, आधार आणि बँक खाते तिन्ही समोर ठेवून नाव अक्षर अन् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार केंद्रातून किंवा तहसीलमधून आताच दुरुस्त करा.

२. जमीन दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर वारस नोंद लांबणीवर टाकू नका. बहिणींच्या सह्या लागतात. त्यांना विश्वासात घ्या, त्यांचा हक्क मान्य करूनच कागद करा.

३. पीएम-किसानसाठी ई-केवायसी झाली आहे का आणि खात्याला आधार जोडलेले आहे का, ते मी-सेवा केंद्रात तपासा. चौकशीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे.

४. रैतू बीमाच्या नॉमिनीचे नाव आपल्या कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे पाहून घ्या. नॉमिनीच वारलेली असेल तर नाव बदलून घ्या. विम्याचे वर्ष ऑगस्टच्या मध्यावर बदलते, त्याआधी हे काम करावे.

५. मक्त्याने करणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी किमान साध्या कागदावर हंगाम, एकर आणि रक्कम लिहून ठेवावी. योजनेचा पैसा कोणाचा, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे. पाडव्याला झालेले स्पष्ट बोलणे दिवाळीचे भांडण वाचवते.

२०२० ने एक गोष्ट दाखवून दिली. संकट आले तेव्हा सरकारने नवी यादी केली नाही. करायला वेळच नव्हता. जी यादी आधीपासून होती, तिच्यातल्या नावांना पैसे गेले. पुढचे संकट महामारीचे असेल, अतिवृष्टीचे असेल किंवा बोंडअळीचे, तेव्हाही असेच होईल. आपले नाव यादीत असणे हे संकटाआधीचे काम आहे.

आपल्या घरातील शिकलेल्या मुला-मुलींना विनंती आहे की सुट्टीत गावी आलात की आजी-आजोबांच्या पेटीतले कागद एकदा काढून पाहा. तेलुगू वाचता येणाऱ्यांनी तेलुगू न येणाऱ्यांना पासबुक वाचून दाखवा. अडचण असेल तर मंडळाच्या बैठकीला कागदांच्या झेरॉक्स प्रती घेऊन या. आपल्यात महसूल, बँक आणि कृषी खात्यात काम केलेली ज्येष्ठ मंडळी आहेत. ती मार्ग नक्की दाखवतील.